मागच्या सीटवरची पाहुणी

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लोक बॉनेटमध्ये डोकावत होते, फोटो काढत होते. ती मात्र एका फिकट पिवळ्या गाडीच्या मागच्या सीटवर चपला काढून चक्क आडवी झाली होती. बाहेर भुरभुर पाऊस, टपावर त्याची हलकी टपटप… तिचे डोळे मिटणार, एवढ्यात काचेवर टकटक झाली.

"झोप झाली असेल तर… गाडी माझी आहे."

तिला उठवेचना. "एक मिनिट," ती म्हणाली, "छत बघतेय."

दुसऱ्या कोणी आरडाओरडा केला असता. हा माणूस पुढचं दार उघडून आत बसला आणि त्यानेही मान वर केली. "काय झालं छताला?"

"भोकं आहेत."

"कुठे?" तो घाबरलाच.

तिला हसू आवरेना. छताच्या पांढऱ्या कापडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती, ओळीने. लहानपणी बाबांच्या गाडीत ती अशीच आडवी पडायची आणि ती भोकं मोजता मोजता तिचा डोळा लागायचा. गाडी बाहेरून कशी होती, काही आठवत नव्हतं. ती नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा आईबाबा वेगळे झाले. गाडी बाबांबरोबर गेली, फोटो एकही उरला नाही, आणि आईसमोर तो विषय काढायची सोय नव्हती. म्हणून ती अशी प्रदर्शनं धुंडाळायची. छताकडे बघता बघता तिने हे सगळं त्याला सांगून टाकलं.

"सापडली?" त्याने विचारलं.

"बहुतेक…" तिचा आवाज जरासा ओला झाला.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. गाडी त्याच्या आत्याची. आत्या सुट्टीत त्याला न्यायला यायची, शेजारी बसवायची आणि गिअर बदलताना त्याचा हात आपल्या हाताखाली धरायची. "मला वाटायचं, गाडी मीच चालवतोय. मागे मी कधी बसलोच नाही."

"आणि मी पुढे."

"म्हणजे आपल्या दोघांची मिळून एक अख्खी गाडी झाली," तो बोलून गेला, आणि मग गोरामोरा होऊन त्याने उगाचच वायपर चालू केला.

त्यानंतर रविवार आला की पिवळी गाडी तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असायची. तो पुढे, ती मागे. बोलणं सगळं आरशातून. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लोकांच्या डोळ्यांत बघणं हे तिचं रोजचंच काम, पण आरशातले ते दोन डोळे दिसले की तिची नजर खिडकीबाहेर पळायची.

"रस्त्याकडे बघा, सर."

"बघतोय की. रस्ता मागेही असतो."

एका रविवारी ती गाडीत बसत होती, आणि समोरून आई भाजी घेऊन आली. गाडी बघून जागच्या जागी थबकली. मग आई पुढचं दार उघडून पिशवी मांडीवर घेऊन बसली, आणि तिने डॅशबोर्डवरून हात फिरवला.

"अशीच," आई म्हणाली. "फक्त आमची हिरवी होती."

"आई, मी तुला सांगणारच होते —"

"घरात आमचं सारखं वाजायचं." आई समोर बघूनच बोलत होती. "मग संध्याकाळी तुला घेऊन गाडीत बसायचो. तू झोपलीस की हळू बोलावं लागायचं. आणि हळू आवाजात भांडता येत नाही गं. तेवढा वेळ आम्ही बरे असायचो." मग ती त्याच्याकडे वळली. "चालवा की. थांबलात का?"

त्याने गाडी हळूच पुढे काढली. मागे ती डोळे पुसत राहिली. इतकी वर्षं जे सुख तिला आठवत होतं, ते तिने मनानेच रचलेलं नव्हतं. ते खरंच होतं… एवढंसं का होईना.

आईला घरी सोडल्यावर त्याने घसा खाकरला. "आत्याचा मुलगा येतोय. गाडी त्याची आहे, मी नुसती सांभाळत होतो. आधीच सांगायला हवं होतं, पण…"

"त्याच्याही आठवणी असतील तिच्यात," ती शहाण्यासारखी म्हणाली, आणि घरी जाऊन खिडकीशी बसून राहिली. गाडी जाणार म्हणून जीव कासावीस होत होता, पण डोळ्यांसमोर छत येतच नव्हतं. येत होता तो आरसा.

गाडी गेली. पुढचा रविवार नुसताच आला आणि गेला. त्यानंतर एका दुपारी दुकानाचं दार ढकलून तो आत आला, बसच्या गर्दीत चुरगळलेला सदरा सारखा करत.

"डोळे तपासायचेत."

तिने त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. त्याने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, वर तक्ता छापणाऱ्याचं नावही वाचून दाखवलं.

"वर बघा… खाली… आता माझ्याकडे."

"कधीचा तिकडेच बघतोय."

तिने हातातली बॅटरी बंद केली. "डोळे उत्तम आहेत तुमचे. मग आलात कशाला?"

"गाडी होती तोवर यायला निमित्त होतं. आता… दुसरं काही सुचेना."

"तुला कसली भीती वाटते एवढी?" 'तू' तोंडातून निसटला, आता परत कसा घेणार?

"तू नाही म्हणशील याची."

"तू विचारलंस कुठे?"

तो खुर्चीत पुढे सरकला. "मला तू आवडतेस. खूप. आयुष्यभर सोबत राहशील?"

"हो," ती म्हणाली. मग जरा सावरून, "पण दुकान बंद होईपर्यंत थांबावं लागेल. बाहेर गिऱ्हाइकं आहेत."

तो थांबला. बाकावर बसून चष्म्यांच्या फ्रेमा लावून बघत राहिला, आणि आत एका आजोबांचे डोळे तपासताना ती एकाच डोळ्यात दोनदा औषधाचा थेंब घालता घालता राहिली. संध्याकाळी तिने शटर ओढलं, त्याने कुलूप लावलं, आणि दोघं चालत तिच्या घराकडे निघाले — मुद्दाम लांबच्या रस्त्याने.