तुरटीच्या गाळाची गोष्ट

"पावणं, इथं लोक पाणी मागायला येतात. गाळ मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय."

पाणी शुद्धीकरण केंद्राच्या फाटकात छत्री सावरत तो ज्युनिअर इंजिनिअर हसला. दत्तप्रसाद त्याचं नाव. मी बादली पुढं केली. "हसून झालं असंल तर भरून द्या की."

पंजाबातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात सेलेनियम जास्त असतं. केस गळतात, नखं झडतात. पाणी निवळायला तुरटी टाकतात, तिचा खाली बसलेला गाळ हे सेलेनियम धरून ठेवतो, असं माझं म्हणणं. विद्यापीठातल्या सरांना पटत नव्हतं. "वर्षाराणी, ही शेवटची संधी," ते म्हणाले. "नाही जमलं तर विषय बदल." म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

त्यात परतीचा पाऊस हटेना, गाळ वाळेना.

"मी वाळवून देतो," दत्तप्रसाद म्हणाला. "तुम्ही फक्त... न्यायला येत जा." त्याचे कान लाल झाले. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

पोतं मिळालं, कोरडं ठणठणीत. पण चाचणीत गाळातनं पाणी सोडलं, तर सेलेनियम जसंच्या तसं खाली उतरलं. मी गाळ हुंगला, तर काकवीचा वास. तडक केंद्रावर गेले.

"खरं सांगा, कुठं वाळवलात?"

"मामाच्या गुऱ्हाळावर... चुलवाणाजवळ. लवकर व्हावं म्हणून—"

"अहो, भाजला की त्याची धरायची ताकद जाते. गूळ हाय व्हय हा?" बोलता बोलता मला रडूच फुटलं.

"चुकलं माझं. सरांकडनं आठवडाभराची मुदत मागून घ्या. बाकीचं माझ्याकडं."

मग शेडमध्ये पंख्याखाली, आईच्या जुन्या लुगड्यावर त्यानं पापडासारखा गाळ पसरला. मी रोज जायची. दोघं मिळून गाळ वरखाली करायचो, मग तो डब्यातली खर्डा-भाकरी पुढं करायचा.

"आधी हात धुवा."

"धुतलेत की. पाण्याच्याच खात्यात हाय मी."

चाचणीच्या दिवशी सरांनी यंत्रावरचा आकडा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. पाण्यातलं सेलेनियम जवळजवळ गायब. "जिंकलीस गं पोरी," ते म्हणाले. "पंजाबला जायची तयारी कर. गावात गाळण्या बसवू."

मी स्कूटी सुसाट सोडली. "धरलं, दत्ता! सगळं धरलं!" फाटकातनंच ओरडले. तो धावत आला, हसला... मग मी पंजाबचं सांगितलं.

"किती दिवस?"

"सहा महिने."

पाऊस थांबला होता, तरी त्याची छत्री उघडीच. "वर्षाराणी, मला... म्हणजे तुम्ही..."

"राहू दे, मीच सांगते. तू मला आवडतोस. लग्न करीन तर तुझ्याशी."

छत्री खाली पडली. "आणि... तुमच्या घरी?"

"अण्णांना कालच सांगितलंय. चहाला थांबल्यात ते, चल."

"काल? निकाल तर आज लागला की."

"गाळाची खात्री नव्हती," मी म्हटलं. "तुझी होती."