डेलियाच्या भुवया

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी त्याच खोलीत होते.

इंग्लंडमधल्या नॉरिचचं आमचं मेकअपचं कॉलेज, दुसरा मजला, एकवीस नोव्हेंबर, दुपारचे तीन. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल हसावं.

टॅम्सिन माझ्या शेजारच्या आरशापाशी काम करायची. त्या दिवशी आमची शेवटची परीक्षा होती. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळचा चेहरा रंगवायचा, पण आजच्या नजरेतून. पांढराफटक रंग, उंच कपाळ, भुवया गायब, वर लाल केसांचा डोलारा.

हा चेहरा खरं तर टॅम्सिनच्या धाकट्या बहिणीचा व्हायचा होता. डेलियाचा.

कॅन्सरच्या औषधांनी डेलियाचे केस गेले, भुवयाही गेल्या. तेव्हा तीच म्हणाली होती, "टॅम, आयती राणी मिळाली बघ तुला. काही उपटायला नको, काही झाकायला नको. मला बसव आणि पहिला नंबर काढ."

"गप बस, वेडे," टॅम्सिन म्हणाली होती, आणि बाथरूममध्ये जाऊन रडली होती.

ऑगस्टमध्ये इस्पितळातून डेलियाचा फोन आला. "टॅम, येतेस का? भुवया काढून दे ना. आरशात कुणी भलतीच दिसते."

टॅम्सिनला त्या दिवशी एका लग्नात नवरी सजवायची होती. "उद्या सकाळी नक्की येते," ती म्हणाली.

ती सकाळ डेलियाला मिळाली नाही.

म्हणून परीक्षेला खुर्चीत बसली होती आमच्या वर्गातली जोडी नावाची मुलगी. डोक्यावरचा केसांचा टोप मात्र डेलियाचा. उपचारांआधी तिनं कापून दिलेली लाल वेणी टॅम्सिननं सोडवली होती आणि एकेक केस जाळीत गाठ मारून बसवला होता. आत तांब्याची तार, आणि मोत्यांच्या जागी डेलियाच्या सायकलचे छर्रे.

पांढरा रंग झाला. जोडीच्या भुवया त्याखाली पार बुजल्या. वरून अंड्याच्या पांढऱ्याचा हात फिरला. त्या काळी बायका असंच करत. तो वाळला की हसायचं नाही. हसलं की तडकतो.

टॅम्सिननं ड्रायर बंद केला. खोली गप्प झाली... अगदी गप्प. खालच्या रस्त्यावरच्या बसचाही आवाज येईना.

टक्...

जोडीच्या डाव्या गालावर बारीक तडा गेला.

"जोडी, हसू नकोस ना गं."

"मी कुठे हसले? नाक खाजतंय तरी दगडासारखी बसलेय."

टॅम्सिननं तडा बुजवला. पुन्हा वाळवला.

टक्...

तिथेच. खळी पडते तिथे.

जोडीला खळी नाही. डेलियाला होती, त्याच एका गालावर.

टॅम्सिनचा हात थांबला. जोडीनं डोळे मिटून घेतले होते. ओठही मिटलेले...

"टॅम, भुवया राहिल्या."

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. जोडीचा आवाज घोगरा आहे. हा तिचा नव्हता.

या चेहऱ्याला भुवया म्हणजे मार्क गेलेच. टॅम्सिननं तरी पिशवीतून तांबूस पेन्सिल काढली. ऑगस्टमध्ये इस्पितळात न्यायला म्हणून ठेवलेली, तशीच राहिलेली. डावी भुवई नीट आली. उजवी काढताना पेन्सिल जरा घसरली.

"झाल्या गं," ती म्हणाली. "मला उशीर झाला. माफ कर."

तेवढ्यात फोटोसाठी हाक आली. जोडी उठून शेजारच्या खोलीत गेली. जेमतेम दहा पावलं. मी आणि टॅम्सिन तिच्या मागेच होतो.

दिव्याखाली तिनं मान वर केली...

भुवया नव्हत्या.

पुसल्याची खूण नाही. गालावर तडा नाही. सगळं पांढरं, गुळगुळीत. टॅम्सिनच्या हातात मात्र टोक झिजलेली पेन्सिल होती.

"भुवया?" टॅम्सिननं विचारल्यावर जोडी म्हणाली. "मला तर डुलकी लागली होती. काढल्या कधी तू?"

टॅम्सिनचा पहिला नंबर आला.

याला तीन वर्षं झाली. त्या खोलीत मी अजून एकटी बसत नाही. टॅम्सिनला भीती अशी वाटत नाही, पण तिची झोप मोडते. परवा चहाला आली होती. बिस्किट चहात विरघळलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

"उजवी वाकडी झाली होती गं," ती म्हणाली. "मी पुसून पुन्हा काढणार होते. डेलिया थांबलीच नाही. तशीच घेऊन गेली."