वरणाची नोंद नाही

मापाडीनं चावडीपुढे उभं राहून गावातल्या एकेका रानाचा आकडा वाचून दाखवला, आणि सगळ्यांत जड आकडा शकुंतला आत्याच्या रानाचा निघाला. चौदा. तिच्या बांधाला बांध असलेल्या बालाजीकाकांच्या रानाचा फक्त दहा.

मापाडी म्हणजे बोरखेड ग्रामपंचायतीचा यंत्रमानव. पूर्वी बाजारात धान्य मापून देणाऱ्या माणसाला मापाडी म्हणत. हा धान्य तर मापायचाच, पण ते पिकवताना निसर्गावर किती ओझं पडलं तेही मापायचा, म्हणून गावानं त्याला तेच नाव दिलं. चार पायांचा, बेताच्या उंचीचा आणि बोलायला अगदी सरळ. भीडभाड नावाची गोष्ट त्याला कोणी शिकवलीच नव्हती.

गावाचा ठराव असा होता की ज्या रानाचं ओझं सगळ्यांत जास्त, तिथं पुढच्या हंगामापासून पेरणी बंद. तिथं झाडं लावायची आणि जमिनीला विसावा द्यायचा. ठराव चांगला होता, आत्यानंही त्याला हात वर केला होता. आता तो तिच्याच रानावर आला होता आणि रविवारी ग्रामसभा त्यावर शिक्का मारणार होती.

आत्या घरी आली, सूप घेतलं आणि तुरीची डाळ पाखडत बसली.

तिची भाची केतकी लातूरहून तिच्याकडे सुट्टीला आली होती. वय वर्षं अकरा आणि एखादी गोष्ट पटली नाही की पाठ न सोडण्याची सवय. तिला हा आकडा पटेना. दोन्ही रानांची माती एक, पाऊस एक, पेरणीचा ट्रॅक्टर एक. खताची पोतीसुद्धा सारखीच. मग एकाचा दहा आणि एकाचा चौदा कसा? ती तडक आजोबांकडे गेली. आजोबा शेतीशास्त्रज्ञ होते, गेली चार वर्षं लेकीकडेच राहत होते, आणि मापाडीला हिशोब शिकवण्यात त्यांचाही हात होता.

"आजोबा, आकडा चुकलाय."

"कशावरून?"

"आत्याचं रान जाईल ना."

"ते कारण झालं नाही," आजोबा शांतपणे म्हणाले. "ती माझी लेक आहे म्हणून आकडा हलणार नाही. तुला वाईट वाटतंय म्हणूनही नाही. हिशोबात चूक दाखव, मी आत्ता चावडीवर जाऊन सांगतो."

केतकीला त्यांचा रागच आला. पण रागावून काही हाती लागणार नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "मग आधी हिशोब तरी सांगा."

"याला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात (एखादी वस्तू तयार होण्यापासून वापरून संपेपर्यंत निसर्गावर किती ओझं टाकते, त्याची बेरीज). खत कारखान्यात बनतं, तिथं इंधन जळतं. ते रानात टाकलं की मातीतून नायट्रस ऑक्साइड निघतो (हवा तापवणारा एक वायू). उरलेलं खत पावसाबरोबर ओढ्यात जातं. ट्रॅक्टर, पाणी, मळणी, सगळं धरायचं. मापाडी या सगळ्यांना वजनं देऊन एक आकडा काढतो. या दोन्ही रानांत एकरी ओझं शंभर आलं."

"म्हणजे सारखंच की."

"सारखंच. पण बालाजीला एकरात दहा पोती ज्वारी झाली आणि तुझ्या आत्याला सात. शंभर भागिले दहा, दहा. शंभर भागिले सात, चौदाच्या वर थोडं. एका पोत्यामागे तिचं ओझं जास्त."

भागाकार बरोबर होता. केतकीनं बोटांवर करून पाहिला, मग मनात करून पाहिला, आणि मग तिला खरंच रडू यायला लागलं.

रात्री सगळे जेवायला बसले. मापाडी ओसरीवर वीज भरून घेत उभा होता. या घरावर सौरपत्रे जास्त, म्हणून तो रोज इथंच यायचा. आत्यानं ताटात भाकरी वाढली, वरून गरम वरण घातलं. केतकी भाकरी चुरत होती, आणि चुरता चुरता तिचा हात थांबला.

"मापाडी, ही भाकरी कुठली?"

"शकुंतलाबाईंच्या रानातली ज्वारी. ओझ्याची नोंद आहे."

"आणि हे वरण?"

मापाडीच्या छातीवरचा दिवा काही वेळ लुकलुकत राहिला. "वरणाची नोंद नाही."

"अरे, पण तूर त्याच रानातली आहे. ज्वारीच्या सहा ओळी झाल्या की तुरीच्या दोन. आत्या दरवर्षी पेरते."

"मी दिवाळीच्या आधी ज्वारीचं वजन केलं तेव्हा तिथं उंच हिरवी झाडं होती," मापाडी म्हणाला. "ती मी रानटी झुडपांत धरली. रानात काय आहे असं मी विचारलं होतं. उत्तर आलं, ज्वारी."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

"मग? ज्वारीच्या रानाला ज्वारीचं रान नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?" आत्या म्हणाली. "तूर काय, ती असतीयच. घरची डाळ हाय ती. माझी सासूबी असंच सांगायची, तिची सासूबी."

ते खरंच होतं. बोरखेडात रानाला मोठ्या पिकाचं नाव. मधल्या ओळींची तूर वर्षभराच्या डाळीसाठी घरात यायची, बाजाराचं तोंडही पाहायची नाही. रोज ताटात असायची, पण कोणी विचारलं की तोंडून निघायची नाही. आजोबांनी घास खाली ठेवला. गेली चार वर्षं तेही याच रानाला ज्वारीचं रान म्हणत होते, आणि हेच वरण जेवत होते.

"आता चूक सापडली," ते म्हणाले. "तुलना करायची तर दोन्हीकडे सारखीच वस्तू हवी. आपण भाकरीची तुलना भाकरी-वरणाशी करत बसलो. शकू, तूर किती झाली?"

"चार पोती."

केतकीनं ताट बाजूला सारलं आणि हात न धुताच पाटी घेतली. आजोबा विचारत गेले, ती मांडत गेली.

"सात पोती ज्वारी आणि चार पोती तूर, एवढंच धान्य वेगवेगळ्या रानांत घ्यायचं म्हटलं तर? बालाजीच्या एकरात नुसती ज्वारी, ती दहा पोती होते. सात पोत्यांना?"

"एकराचे सात दशांश."

"नुसत्या तुरीच्या एकरात आठ पोती येतात. चारला?"

"अर्धा एकर." तिनं बेरीज केली. "म्हणजे सगळं मिळून एक पूर्णांक दोन दशांश एकर. आत्यानं ते एकाच एकरात केलं!"

"याला जमीन समतुल्य गुणोत्तर म्हणतात (मिश्र रानाइतकंच धान्य वेगवेगळं पिकवायला किती पट जमीन लागेल, तो आकडा). एकाच्या वर गेला की मिश्र पीक जमीन वाचवतं. आता ओझं काढ. नुसत्या तुरीचं ओझं एकरी सत्तर धर, तिला खत कमी लागतं."

"ज्वारीचं सत्तर, तुरीचं पस्तीस. एकशेपाच. आणि आत्याचं शंभर." केतकीचा चेहरा उतरला. "एवढाच फरक?"

"एवढाच," मापाडी म्हणाला. त्याला दिलासा देणं जमत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं आणि मापाडी रानात गेले. आजोबांनी तुरीचा एक बुडखा कुदळीनं हलकेच उकरला. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या, पण अगदी मोजक्या.

"या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात," आजोबा म्हणाले. "हवेतला नत्रवायू पकडून ते झाडाला खत करून देतात, आणि मागे राहिलेल्या मुळापानांतून थोडं पुढच्या पिकालाही मिळतं. पण मातीत आधीच भरपूर युरिया असेल, तर तूर त्यांना थारा देत नाही. आयतं मिळतंय तर कशाला पोसायचं?"

"आत्या, तू तुरीच्या ओळींनाही युरिया टाकतेस?"

"रान म्हटलं की सगळीकडं सारखाच टाकायचा," आत्या म्हणाली, आणि मग स्वतःच हसली. "ज्वारीचं रान नव्हं का."

मापाडीनं दिवा लुकलुकवला. तुरीच्या ओळींचं खत बंद केलं आणि ज्वारीचं थोडं आटोक्यात आणलं, तर ओझं शंभरावरून ऐंशीच्या आसपास येईल, असा त्याचा अंदाज होता. "अंदाज आहे," त्यानं पुन्हा सांगितलं. "मोजल्याशिवाय खात्री देणार नाही. आणि काढणीला यंत्र दोनदा न्यावं लागतं. त्यात बालाजीकाकांचं रान सरस आहे."

रविवारी ग्रामसभेत आजोबा उभे राहिले आणि हिशोब चुकला होता हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. मग मापाडीनं जमलेल्यांना विचारलं, "रानात आणखी काय होतं?" एकानं मूग सांगितला. मागून कोणीतरी उडीद म्हणालं, आणि तिसऱ्यानं चवळी. बायकांच्या बाजूनं तर नावं थांबेचनात. सरपंचांनी ठराव पुढे ढकलला आणि सगळी रानं नव्यानं मोजायचं ठरलं. सगळ्यांत जड कोणाचं निघेल, हे आता कोणालाच ठाऊक नव्हतं. आत्याचं निघणार नाही, एवढं मात्र केतकीला पाटीवर दिसत होतं.

परतताना मापाडी तिच्याशेजारून चालत होता. "एक गोष्ट राहिली," तो म्हणाला. "ज्वारी गेल्यावर तुरीला फुलं होती. त्यांवर मधमाश्या होत्या. त्या हिशोबात कुठे धरायच्या?"

केतकीनं आजोबांकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," आजोबा म्हणाले. "अजून कोणाला नीट जमलेलं नाही."

"मग मी करीन," केतकी म्हणाली. तिनं ते अगदी सहज म्हटलं, आणि आजोबा हसले नाहीत.

मृगाच्या पेरणीला मापाडी पुन्हा बांधावर आला. केतकी शाळेसाठी लातूरला परतली होती. आत्यानं फोन रानाकडे धरला होता, म्हणून तिला सगळं दिसत होतं.

"रानात काय आहे?" मापाडीनं विचारलं.

"ज्वारी," आत्या सवयीनं म्हणाली.

मापाडी हलला नाही. आत्यानं ओटीतलं बी मुठीत घेतलं, त्याच्यापुढे हात उघडला आणि म्हणाली, "आणि तूर. लिही बाबा, आणि तूर."