पत्र्यावरचे अकरा दगड

गोपिकाबाई शिडी मागायला शेजारणीच्या, कमरबीच्या दारात उभी राहिली तेव्हा सकाळचे नऊच वाजले होते, आणि तिचे गुडघे आत्तापासूनच थकले होते.

तीर्थपुरीच्या अलीकडचं हे गाव. भूकंप म्हणजे किल्लारीचा, आपल्याकडं कुठला, असं इथं शहाणे लोक छातीवर हात ठेवून सांगायचे. सोमवारी पहाटे जमीन गुरगुरली, मांडणीवरचे डबे खाली आले, तेव्हा शहाणे सगळ्यांत आधी रस्त्यावर पळाले. मग पंचायतीच्या भोंग्यावर सांगणं झालं : पत्र्यावरचे दगड उतरवा, हादरा बसला तर तेच डोक्यात पडतील. सांगायला काय जातं. चढायचं कुणी, ते भोंगा सांगत नाही.

गोपिकाबाईच्या पत्र्यावर अकरा दगड होते. तीन वर्षांमागं वावटळीनं अख्खा पत्रा उचलून नेला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, म्हस्कूनं, ओढ्यातनं एकेक खांद्यावर आणून ठेवले. प्रत्येक दगडाखाली पोत्याची चार पदरी घडी, पत्र्याला भोक पडू नये म्हणून. त्याच उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. आता त्या दगडांखाली धाकटी लेक प्रांजली बाळंतीण होऊन पडली होती, आणि तिचं पंधरा दिवसांचं लेकरू आढ्याला टांगलेल्या झोळीत.

गोपिकाबाई वर चढली. पाटीत दगड, पाटीला दोर, खाली झेलायला कमरबी. साठीतल्या दोन बायांनी दुपारपर्यंत अकराही उतरवून भिंतीकडेला रचले. कुजकी पोती चुलीत गेली.

दुसऱ्या सकाळी दगड वर होते.

"शिडी माझ्या अंगणात, साखळी लावून," कमरबी हळू आवाजात म्हणाली. "कुत्रं बी भुंकलं न्हाई. कोन चढलं, गोपिकाबाई?"

"पोरं असतील, भाभी."

"आजकालची पोरं? त्यांच्यानं जेवलेलं ताट उचलत न्हाई."

गोपिकाबाईला हसू आलं नाही. ती चढली. पहिल्या दगडाखाली हात घातला तर बोटांना पोतं लागलं. चार पदरी घडी, नवीकोरी. भर उन्हात तिला भिजल्या घोंगडीचा वास आला, नवऱ्याच्या अंगाला यायचा तसा. कुणाला काही न सांगता तिनं अकराही पुन्हा उतरवले.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा वर दिसले, तेव्हा ती उंबऱ्यावरच बसली. भीतीलासुद्धा अंगात जोर लागतो. तिच्यात तो उरला नव्हता.

बारा वाजता पत्रा असा तापतो की त्यावर कावळा टेकत नाही. ती झोळीला झोका देत होती, आणि वर कुणीतरी चाललं. सावकाश, टाच आधी टेकवून. एक दगड खर्रकन सरकला, बराबर जागेवर बसला.

"आई, वर कोन हाय?" प्रांजलीनं डोळे न उघडताच विचारलं.

"मांजर. नीज तू."

मग तिनं मान वर केली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, आजही घेतलं नाही.

"आवं... ऐकून राह्यले ना? वारं न्हाई आता. जमीन हलून राह्यली. तुमचा दगड लेकराच्या टाळूवर पडंल..."

पाऊल थांबलं.

"मला चढवत न्हाई आता. थकले मी. उडून जाईल असं काई न्हाई राह्यलं या घरात. लेकराला मी लिंबाखाली निजवते... तुम्ही तेवढे उतरवा."

पत्रा एकदा करकरला. मग काहीच नाही.

तिनं लेकरू बाहेर नेलं, लिंबाच्या सावलीत गोधडी अंथरून निजवलं, आणि प्रांजलीला आणायला आत वळली. तेवढ्यात पायाखाली गुरगुर झाली. भिंती थरथरल्या, पत्रा खडखडला. तिनं लेकीला दंडाला धरून अंगणात ओढलं. मागं काहीच कोसळलं नाही. तिनं वर पाहिलं. पत्रा कोरा होता, एक दगड नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं भरून श्वास घेतला.

"गोपिकाबाई..." कमरबी कुंपणापाशी येऊन उभी होती. "हे कुनी ठेवलं?"

लिंबाखाली लेकरू शांत निजलेलं होतं. गोधडीच्या चार कोपऱ्यांवर चार दगड होते. प्रत्येकाखाली पोत्याची घडी.

"अगं आई, काढ ते," प्रांजली म्हणाली.

गोपिकाबाई वाकली. पायाकडचा एक दगड तिनं दोन्ही हातांनी उचलला. लिंबाचं पान हलत नव्हतं. गोधडीचा तो कोपरा जमिनीवरून सुटला आणि सरळ वर उभा राहिला, ताठ, वरून कुणी ओढून धरल्यासारखा, त्या वावटळीत पत्रा उचलला होता तसा. त्याच्यामागं लेकराचा पाय उचलला जाऊ लागला.

तिनं दगड होता तिथं ठेवला. त्यावर आपला हात दाबून धरला.

"भाभी," ती म्हणाली, "बाकीचे सात कुठं हायेत बघा. जल्दी."