सातव्या घागरीपाशी अडलेलं गाणं

"भरल्या घागरी बाई, पाणवठ्यावरी सा—"

पुढच्या खोलीतल्या प्लेअरवर गाणं तिथंच तुटलं. समाधान जोगदंड सरांनी हातातला मोबाईल सोफ्यावर आपटला.

"बगा! दोन म्हैने झाले, मॅडम. डोक्याचा पार भुगा झालाय."

प्रियदर्शनी खाडे बीडमध्ये खासगी चौकशीची कामं करायची, बहुतेक लग्नाच्या स्थळांची. गाण्याची चौकशी पहिल्यांदाच आली होती, आणि त्यापायी भर मार्चच्या उन्हात शिरूर कासारपर्यंत यावं लागल्यानं ती आधीच करवादली होती. सोबतचा हनुमान, निवृत्त हवालदार, तर उघडच वैतागला होता.

"मोबाईलवर लावा की गाणं. कावून एवढा कुटाणा?"

"मोबाईलवरची गाणी दाबून बारीक केल्याली असत्यात, ती वाजत्यात," सर म्हणाले. "ही आईची ओवी हाय. तीस वर्षांमागची कॅसेट. घशाचं ऑपरेशन झालं अन्‌ तिचा आवाज गेला. म्हणून एक कण न गाळता उतरवून घेतली, लॉसलेस. फाईल लई जड. मागच्या खोलीत राऊटरला डिस्क जोडलीय, तिथून वायफायनं या प्लेअरला येती. दिवाळीत झकास वाजायची."

"मग संशय कुणावर?"

"वरच्या भाडेकरू पोरीवर. वैष्णवी. आमचं वायफाय चोरती. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर म्हणून सांगितलंय. त्यावरनं रुसून आई माज्याशी बोलंना झालीय. तेवढा पुरावा द्या, म्हंजे तिचीही खात्री पटंल."

"चोरते कशावरून?"

सरांनी वही उघडली. मास्तरच ते, तारखा लाल शाईत होत्या.

"ह्या म्हैन्यात तीनला तुटाया लागलं. दहाला नवा राऊटर आणला. दोन-तीन दिवस गाणं साफ. तेराला परत तुटलं. एकवीसला पासवर्ड बदलला, परत दोन दिवस साफ! म्हंजे चोर तीच की. काल तेवीसला पुन्हा सुरू. आईनंच नवा पासवर्ड दिला असंल तिला."

"पासवर्ड बदलल्यावर साफ झालं म्हणून ती चोर. मग राऊटर बदलल्यावरही साफ झालं होतं, ते कसं?"

सरांनी वहीचं पान उलटलं. हनुमानने मात्र मान डोलावली. त्याला सरांचं म्हणणं पटलं होतं.

प्रियदर्शनीने इंटरनेटवाल्या सुग्रीवला फोन लावला. तो तर चिडूनच बोलला.

"सर मला धा येळा शिव्या घालून झालेत. आवो, डिस्क त्यांच्या घरात, गाण्याची पेटी त्यांच्या घरात. माजी तार कापली तरी गाणं वाजाया पायजे!"

हा मुद्दा तिला पटला. ती मागच्या खोलीकडे निघाली. मधला बोळ अरुंद, आणि त्यात पाण्याची निळी टिपाडं, म्हणजे मोठी पिंपं, दोन रांगांत उभी होती. हनुमानचा गुडघा एकावर आदळला. धप्प!

"आयला! काठोकाठ भरलंय. रिकामं असतं तर जरा तरी हाललं असतं."

तो गुडघा चोळत बसला. प्रियदर्शनीने टिपाडं मोजली. सहा. टिपाडांखालची फरशी अजून ओलसर होती. पलीकडे, भिंतीला टेकून, बुटक्या स्टुलावर राऊटर लुकलुकत होता.

स्वयंपाकघरात सरांच्या आई भामाबाई लसूण सोलत होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन, तेरा आणि तेवीस या तारखांना निळे गोल होते.

"हे काय, आजी?"

"नळाचं पाणी," भामाबाई कुजबुजल्या. त्यांच्या घशातून तेवढंच निघायचं. "आदी तिसऱ्या दिवशी यायचं, दोन टिपाडं पुरायची. संक्रांतीपासून धा दिवसाला येतंय. सकाळी अकराला."

"वैष्णवीला पासवर्ड दिलात?"

"मला फोन उचलाया येत न्हाई, पासवर्ड कुठला देऊ?"

वर वैष्णवी पिशवी भरत होती. तिने आपला मोबाईल पुढे केला. "माझं मी रिचार्ज मारते, मॅडम. बघा हवं तर."

"आता जाशील कुठं?"

"आई-बाप उसाच्या तोडीला गेलेत. घराला कुलूप. सोमवारी नर्सिंगची परीक्षा हाय." तिनं पुस्तक पिशवीत कोंबलं. प्रियदर्शनीला तिच्या तळहातांवर बादलीच्या कडीचे लाल वळ दिसले. पोरीने हात मागे घेतले.

पाच मिनिटांनी सगळे पुढच्या खोलीत जमले. वैष्णवी तेवढी वरच होती.

"सर, गाणं वैष्णवीमुळंच तुटतं," प्रियदर्शनी म्हणाली.

"मी काय म्हणत होतो!" सरांनी मांडीवर थाप मारली. भामाबाईंचा चेहरा उतरला.

"पण चोरी तिनं केली नाही. तुमची वही आणि आईंचं कॅलेंडर शेजारी ठेवा. तीन, तेरा, तेवीस. पाणी येतं त्याच दिवशी गाणं तुटायला लागतं. सात-आठ दिवसांनी टिपाडं तळाला गेली की साफ होतं. तुमचा राऊटर आणि तुमचा पासवर्ड, दोन्ही नेमके त्याच दिवसांत बदलले गेले. गुण टिपाडांचा, नाव पासवर्डाचं."

"पाण्याचा अन्‌ गाण्याचा काय संबंध?" हनुमानने विचारलं.

"वायफाय पाण्यातून नीट पार होत नाही, पाणी ते शोषून घेतं. राऊटर खाली, प्लेअर खाली, आणि मध्ये सहा भरली टिपाडं म्हणजे बाराशे लिटरची भिंत. हलकं गाणं कसंबसं निभतं, जड गाणं तुटतं. दिवाळीत दोनच टिपाडं होती, म्हणून झकास वाजायचं."

"पण मग पोरीमुळं कसं?" सरांनी विचारलं.

"पाणी अकराला येतं तेव्हा तुम्ही शाळेत. आईंना वाकवत नाही. सर, तुमच्या घरातलं बाराशे लिटर पाणी भरतं कोण?"



"तीच," भामाबाई मोठ्या कष्टाने म्हणाल्या. "सांगू नका म्हनली. सर म्हनतील, मस्का लावती."

सरांनी वही मिटली. त्यांना बसल्या जागी भयंकर लाज वाटली.

हनुमानने राऊटर उचलून टिपाडांच्या वर, माळ्यावर ठेवला आणि वायर खोचली. सरांनी गाणं लावलं. तेवढ्यात वैष्णवी पिशवी घेऊन जिना उतरली.

"येते, आजी."

"भरल्या घागरी बाई, पाणवठ्यावरी सात..."

 भामाबाईंचा तीस वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज या वेळी थांबला नाही.

"उचलायाला लागला गं, परक्या लेकीचा हात."

"चुकलो, पोरी," सर म्हणाले. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि ते स्वतः जिना चढायला लागले.