शेवटच्याने द्यायची हाक

बॅगा भरून झाल्या असतील तर या, बसा इथे. उद्या जंगलात निघताय म्हणून सांगतोय, घाबरवायला नाही. काकू झोपली ना? बरं झालं. गोष्ट तिच्या सख्ख्या भावाची आहे आणि तिच्यासमोर ती काढलेली तिला आवडत नाही.

माझा हा मेहुणा बस डेपोत टाइमकीपर. कुठली गाडी कधी सुटली, किती उशिरा आली, हे लिहिण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली. घरी चहाला दोन मिनिटं उशीर झाला तरी तो बायकोकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो. असा माणूस मित्रांबरोबर बेटावर जंगल हिंडायला गेला. तिघे होते. हा, शेजारचे चित्रकलेचे मास्तर आणि औषधाच्या दुकानाचा मालक, त्याला सगळे औषधवालाच म्हणतात.

मास्तरांना साखरेचा आजार. संध्याकाळी इंजेक्शन आणि त्यावर लगेच खाणं. निघताना मास्तरांच्या बायकोने वेळा लिहिलेला कागद मेहुण्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "भावजी, हे स्वतःहून काही बघायचे नाहीत. तुमच्या भरवशावर पाठवतेय." याने कागद खिशात घातला आणि सांगितलं की आता ती माझी जबाबदारी.

तिकडे पहिल्या दिवसापासून एक गोष्ट सुरळीत होईल तर शपथ. बोट तीन तास उशिरा. दुसऱ्या दिवशी जीपचा क्लच गेला, तिसऱ्या दिवशी टायर. तंबूत पाणी शिरलं. चार दिवसांत जनावर म्हणून दिसलं ते एक माकड, आणि तेही मास्तरांची बिस्किटांची पिशवी घेऊन पळालं. फांदीवर बसून त्याने एकेक पुडा सोलून खाल्ला. मेहुणा खालून दगड मारतोय आणि मास्तर शांतपणे माकडाचं चित्र काढतायत. याचा नुसता जळफळाट.

पाचव्या दिवशी एकच काम होतं. डोंगरावर धनेश पक्ष्याची ढोली आहे, मादी आत कोंडून घेऊन बसते आणि नर बाहेरून दाणा भरवतो, तेवढं बघायचं आणि खालच्या झोपडीत मुक्कामाला यायचं. तीन वर्षं झाली या गोष्टीला. मार्चमधली एकवीस तारीख, मंगळवार, अमावास्या.

बरोबर एक म्हातारा वाटाड्या होता. त्याची एक पद्धत होती. सगळ्यांनी एकामागे एक चालायचं. प्रत्येक वळणावर तो थांबणार आणि विचारणार, "सगळे?" त्यावर फक्त शेवटच्या माणसाने म्हणायचं, "आलो." बाकी कोणी तोंड उघडायचं नाही. ते उत्तर येईपर्यंत त्याचं पाऊल हलायचं नाही. शेवटी असायचे मास्तर. ते कधी पान बघत थांबायचे, कधी कोळ्याचं जाळं. म्हणजे प्रत्येक वळणावर पाच-पाच मिनिटं गेलीच. मेहुणा औषधवाल्याला म्हणाला, असा ड्रायव्हर माझ्या डेपोत असता तर पहिली गाडी अजून फाटकातच उभी असती.

ढोली दिसली, नर काही आला नाही. तीन तास वाट बघून उतरायला लागले तेव्हा साडेसहा झाले होते. मेहुण्याने कागद काढला. औषधवाल्याने समजावलं की अरे, पोटात घालायला काही नाही, इंजेक्शन झोपडीत पोचल्यावर देऊ. हा ऐकेना. कागदावर साडेसहा म्हणजे साडेसहा. शिवाय आठला पोचतोयच की आपण. मास्तरांचा स्वभाव गरीब. त्यांनी घेतलं इंजेक्शन.

आठ वाजले. झोपडी कुठेच नाही. मिट्ट काळोख. आता मेहुण्यालाही कळायला लागलं होतं की मास्तरांना लवकर खायला मिळालं पाहिजे. आणि जितकं ते कळत होतं तितका वाटाड्याच्या थांबण्याचा त्याला संताप येत होता.

आठ वाजून दहा मिनिटांनी एक कोरडा ओढा लागला. तो ओलांडून वळण. वाटाड्या थांबला.

"सगळे?"

मागून काही नाही.

त्याने पुन्हा विचारलं. तरी काही नाही. मागे मास्तरांच्या बॅटरीचा उजेड दिसत होता, झाडांमधून. मेहुण्याला वाटलं, येतायत, दमलेत, बोलायचं त्राण नसेल. इथे उभं राहून त्यांचाच वेळ जातोय. डेपोत शंभरदा केलेलं काम त्याने तिथे केलं. न आलेल्याची नोंद परस्पर करून टाकली.

तो ओरडला, "आलो!"

वाटाड्या चालायला लागला.

पुढचं वळण आलं. वाटाड्या थांबला. "सगळे?" मेहुणा पुन्हा ओरडणार, एवढ्यात मागूनच उत्तर आलं.

"आलो!"

याला हायसं वाटलं. बघा, आलेच की.

त्याच्या पुढचं वळण. "सगळे?" "आलो!" आता एक क्षणही थांबावं लागत नव्हतं. भराभर उतरले. अशी सात वळणं झाली. सातव्याला मात्र मेहुण्याच्या काहीतरी ध्यानात आलं... दर वेळी हाक तीच होती. तसाच वैतागलेला सूर. शेवटी तसाच चिरकणारा.

मास्तर कधी वैतागत नाहीत.

तो आवाज मास्तरांचा नव्हता. त्याचा स्वतःचा होता.

मागे वळायचा धीर झाला नाही त्याला. खाली झोपडीचा कंदील दिसत होता. वाटाड्या आत गेला. औषधवाला गेला. हा गेला आणि दारातून मागे बघितलं. वाट रिकामी. कोणी नाही. कंदिलाच्या उजेडाबाहेर, चार पावलांवर...

"आलो."

या वेळी हळू.

...

नाही रे, दार लावून आत कसला बसतोय तो. मास्तर वर होते ना.

तिघेही उलटे फिरले. औषधवाल्याने झोपडीतला साखरेचा डबा उचलला. साडेनऊला पाऊस लागला. भुरभुर, पण थांबेना. निसरडी चढण. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. प्रत्येक वळणावर हा मास्तरांना हाका मारायचा. ओ नाही. मागचाही तो आवाज आता नव्हता. खिशातला कागद भिजून त्याचा लगदा झाला होता. घरी जाऊन त्या माउलीला काय तोंड दाखवणार?

पावणेबाराला ओढ्याचं वळण आलं. वाटाड्याने हात वर केला. उभे राहा.

पलीकडून कोणीतरी बोलत होतं. रडणाऱ्या पोराला थोपटताना बोलतात ना, तसं. हळूहळू.

"आलो... आलो... आलो हं..."

मेहुण्याने बॅटरी मारली. आवाज थांबला.

ओढ्याकाठी एक लांब सपाट दगड. त्याच्या एका टोकाला मास्तर. मान कलंडलेली. घामाने निथळत होते, पण श्वास चालू होता. औषधवाल्याने गालाच्या आत साखर चोळली. पुन्हा चोळली. दहा मिनिटं... पंधरा... मग मास्तरांनी डोळे उघडले.

वाचले. ठणठणीत आहेत. मागच्याच महिन्यात नातीच्या बारशाला मला भेटले. देवाची दया, दुसरं काय.

पण त्या रात्री वाटाड्या त्यांना पाठीवर घेत असताना ते मेहुण्याला म्हणाले, "तू मला सोडून गेला नाहीस, फार बरं केलंस. एकटा असतो तर मी झोपलो असतो. झोपलो असतो तर संपलोच होतो."

मेहुणा म्हणाला, "मास्तर, मी आत्ता येतोय."

"असं काय करतोस? मघापासून इथेच तर बसला होतास. माझा हात धरून."

बाकीचे उतरायला लागले. मेहुणा तिथेच उभा राहिला. आता सांगतो ते त्याने मास्तरांना अजून सांगितलेलं नाही. मला सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

दोन तास पाऊस पडत होता. सगळा दगड ओला होता. मास्तरांच्या शेजारी मात्र, एक माणूस बसेल एवढी जागा...

कोरडी होती.

त्याने हात लावून बघितला.

ऊबदार.