लॅकीने धरलेला झाडू

धरणावरचा बर्फ खेळण्याजोगा झाल्याचं रेडिओने सांगितलं तेव्हा मर्डो कॅटनॅक दाढी करत होता. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो न्हाणीतून बाहेर आला आणि पलंगाखालचा आपला दगड ओढून काढू लागला.

"आधी दाढी पुरी कर," लापशी ढवळता ढवळता त्याची बायको जेसी म्हणाली. "दगड काही पळून जात नाही."

किलडाफमध्ये हे दर हिवाळ्याचं. रेडिओने तोंड उघडायचा अवकाश, की मेंढ्या कुत्र्यांच्या हवाली होतात, दुकानाला कुलूप लागतं आणि पोस्टाच्या दारावर पाटी झळकते, 'बर्फावर आहे'. ओटॅगोच्या त्या उघड्याबोडक्या पठारावर आमची माणसं स्कॉटलंडातून आली ती सोन्यासाठी. बोटीतून उतरताना हातात ओटचं पोतं, बायबल आणि कर्लिंगचे दगड. सोनं संपलं, बायबलं वाळवीने खाल्ली. दगड राहिले.

खेळ पाहायला साधा. वर मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा जडशीळ, गुळगुळीत दगड बर्फावरून घसरवत सोडायचा आणि तो पलीकडच्या टोकाला आखलेल्या रिंगणात जाऊन थांबला पाहिजे. दोघे झाडूवाले दगडाच्या पुढे पुढे पळत बर्फ घासतात, म्हणजे दगड लांब जातो. रिंगणात कप्तान उभा. तो झाडू उभा धरेल तिथे नेम, तो 'घासा' म्हणेल तेव्हा घासायचं. टाकणाऱ्याने डोकं चालवायचं नाही, झाडूवाल्यांनी मागे बघायचं नाही. नवा गडी संघात घेताना त्याला व्हिस्की पाजून एवढंच वदवून घेतात: झाडू दिसला की प्रश्न नाही.

दगड नेहमी जोडीचे असतात. मर्डोकडे मात्र एकच होता, करडा, अंगावर तांबडी शीर असलेला. एकाच शिळेतून काढलेला त्याचा जोडीदार स्कॉटलंडात, अर्ड्रॉय नावाच्या तळ्यावर राहिला होता. तिथे मर्डोचा थोरला भाऊ लॅकी कप्तान होता. एका दुपारी धुकं उतरलं. लॅकी रिंगणात झाडू धरून उभा, त्याच्या पायाशी मर्डोने नुकताच टाकलेला पहिला दगड. मर्डोने दुसरा हातात घेतला, मान वर केली, तर धुकं विरळ झालं होतं आणि रिंगणात कुणी नव्हतं. बर्फ मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नव्हता. लॅकी वसंतात सापडला. झाडू आणि दगड सापडलेच नाहीत. त्याच वर्षी उरलेला दगड घेऊन मर्डो बोटीत बसला तो पृथ्वीच्या या टोकाला उतरला, इथे त्याने मेंढ्या पाळल्या, जेसीशी लग्न केलं, म्हातारा झाला, आणि इथे उलट्या ऋतूत पडणाऱ्या जुलैतल्या थंडीला रोज सकाळी न चुकता नावं ठेवली.

आता सप्टेंबरच्या बोटीचं तिकीट त्याच्या कोटाच्या खिशात होतं. घरी जायचं होतं त्याला. एकच तिकीट होतं, कारण जेसी म्हणाली होती, "तू जा. माझं घर हे. माझी आई त्या टेकडीवर पुरलीय. तिकडे माझं कोण आहे, पाऊस?"

धरणावर पोचल्यावर वॉटी रेनीने हाच विषय काढला. वॉटी संघाचा कप्तान. तीन पिढ्या किलडाफचा. स्कॉटलंड त्याने पाहिलं ते बिस्किटांच्या डब्यावर, पण कडाक्याच्या थंडीतही तिकडच्या पुरुषांचा चौकड्यांचा घागरा घातल्याशिवाय बर्फावर पाऊल ठेवायचा नाही.

"मग गड्या, घरी चाललास म्हणे?"

"चाललो. तू का घरी म्हणतोस? तू तर त्या पलीकडच्या गोठ्यात जन्मलास."

"जन्म गोठ्यात झाला रे, पण काळीज घरचंच!"

"काळजाचं जाऊ दे, गुडघे बघ. निळे पडलेत."

माणसं हसली. त्या दिवशी रॅब या झाडूवाल्याच्या कमरेत उसण भरली होती, म्हणून जेसी झाडू घेऊन उतरली. वॉटीने तोंड वाकडं केलं, तेव्हा ती म्हणाली, "चाळीस वर्षं या माणसाच्या बुटांचा चिखल झाडतेय. बर्फ काय, सोपा जाईल." आणि खरंच तिने दुसऱ्या झाडूवाल्याला, पोस्टातल्या इनसला, दमवून टाकलं.

सकाळ लख्ख होती. धरणाच्या एका अंगाला, रिंगणाच्या उजवीकडे, पाणी सोडायची मोरी आहे. तिथे आत पाणी हलतं, त्यामुळे बर्फ कधीच जाड धरत नाही. वॉटीने स्वतः विलोच्या फांद्या रोवून हद्द आखली होती. दुपारी माणसांनी काठावर मटणाचे पॅटिस खाल्ले, बाटली एकदा फिरली, आणि खेळ पुन्हा सुरू झाला तोच डोंगरावरून धुकं उतरलं.

धुक्याचं किलडाफमध्ये कुणाला नवल नाही. पण या धुक्याला वास होता. मर्डोने नाक वर केलं. ओल्या मातीचा, जळक्या मुळांचा, गोडूस. पीटच्या, म्हणजे तिकडे चुलीत जाळतात त्या दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या ढेकळांचा धूर. इथे घरोघरी जळतो दगडी कोळसा. पीट या मुलखात कुणी जाळत नाही.

"तुला वास येतोय?" त्याने इनसला विचारलं.

"येतोय ना. वॉटीच्या मोज्यांचा."

मर्डोची पाळी आली. त्याने रॅबचा मागून आणलेला दगड घेतला, वाकला, समोर पाहिलं. धुक्यात वॉटी दिसत नव्हता, झाडू मात्र स्पष्ट दिसत होता, किंचित उजवीकडे. त्याने दगड सोडला. जेसी आणि इनस घासत पुढे पळाले. दगड सरळ गेला, फारच सरळ, आणि रिंगणाच्या उजव्या बाजूने निघून गेला.

"कुणाला टाकतोयस रे!" डावीकडून वॉटी ओरडला. "मी इकडे उभा! दगडालासुद्धा घरी जायची घाई झाली का?"

"अरे, पण तूच तर घासा म्हणालास," जेसी धापा टाकत म्हणाली.

"मी? माझ्या तोंडात पॅटिस होतं, बाई. मी चकार शब्द काढला नाही."

"मग कोण ओरडलं?"

 इनसने गुडघा चोळला. तो पळता पळता आपटला होता. धरणाच्या पलीकडच्या काठावर कुठेतरी कुत्रं भुंकलं, एकदाच.

 मर्डोला दिसलेला झाडू काटक्यांचा होता, सुतळीने बांधलेला. इथे सगळे घोड्याच्या केसांचे झाडू वापरतात. काटक्यांचा झाडू त्याने अर्ड्रॉय सोडल्यापासून पाहिला नव्हता. म्हातारे डोळे, धुकं, एक घोट जास्त झाला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. तो तसा हिशेबी माणूस. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून मेंढ्या बघायला जाणारा.

"एवढा एक टाक," धुक्यातून वॉटीचा आवाज आला. "मग थांबू. मला माझाच हात दिसेना."

मर्डोने आपला दगड घेतला. तांबडी शीर बोटांखाली गार लागली. तो वाकला.

झाडू तिथेच होता. या वेळी आणखी उजवीकडे, आणखी लांब. आणि या वेळी तो धरणारा हातही दिसत होता. निळा लोकरी हातमोजा, अंगठा तेवढा करडा. लॅकीचा तो हातमोजा विणताना आईची निळी लोकर अंगठ्यापाशी संपली होती.

तेव्हाच त्याने बोलायला हवं होतं. 'वॉटी, तुझा झाडू कुठे आहे?' एवढं विचारायचं, बस. पण तो हात जरा हलला, झाडू बोटभर डावीकडे सरकला, अगदी लॅकी सरकवायचा तसा, धाकट्याचा दगड नेहमी उजवीकडे वळतो हे ठाऊक असल्यासारखा. सगळ्या जन्मात मर्डोला इतकं ओळखून कुणी झाडू धरला नव्हता.

झाडू दिसला की प्रश्न नाही.

त्याने दगड सोडला.

असा दगड त्याच्या हातून कधी सुटला नव्हता. आवाज नाही, थरथर नाही. इनस दोन पावलं पळाला आणि गुडघा धरून बसला. जेसी एकटीच दगडापुढे घासत गेली, पाठीत वाकून, न बघता. धुक्याने तिची टोपी गिळली, मग कोट. झाडूची सरसर तेवढी उरली.

मग हाक आली. मंद, प्रेमळ, लहानपणच्या गेलिक भाषेत. किलडाफमध्ये ती भाषा मर्डोखेरीज कुणाला येत नव्हती.

"घासा. घासा. ये, अलगद ये."

मर्डोचे डोळे भरून आले. पीटचा वास आता घशात उतरला होता. पुढे कुठेतरी तळ्याकाठचं दार उघडं असणार, चुलीवर किटली असणार.

"मर्डो!" डावीकडून वॉटी ओरडला. "कुठे चाललीय ही? सरसर तर रिंगणाबाहेर गेली!"

आणि समोरून तोच मंद आवाज आला, "तिलाही घेऊन ये."

मर्डो धावला. दगड टाकणारा दगडामागे धावत नाही, लहान पोरसुद्धा धावत नाही. तो धावला, आपटला, उठला.

"जेसी! थांब!"

सरसर चालूच. टाकणाऱ्याचं ऐकायचं नसतं, मागे बघायचं नसतं. ती नियमाने खेळत होती.

त्याच्या पायाला काहीतरी लागलं. विलोची फांदी.

"जेसी!" तो गुडघ्यांवर बसून ओरडला. "मी नाही जात! ऐकलंस? मी घरी नाही जात!"

सरसर थांबली.

दगड मात्र थांबला नाही. त्याची घरघर त्या दोघांनीही ऐकली, पुढे पुढे जाणारी, बारीक होत जाणारी. मोरीची भिंत तिथून हाकेवर आहे. दगड भिंतीला लागायला हवा होता. तो जातच राहिला, धरण संपलं असेल तिथून कितीतरी पुढे, आणि मग ऐकू येईनासा झाला.

धुकं विरळ झालं तेव्हा जेसी फांद्यांच्या पलीकडे उभी होती. तिच्या बुटांखालचा बर्फ काळा होता आणि कण्हत होता. वॉटीने शिडी आडवी टाकली, तिच्यावरून तिला पोटावर सरपटत आणलं. त्यापुढचा बर्फ अखंड होता. भोक नाही, चीर नाही, दगड नाही. वॉटीने खिशातली बाटली काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याही नावाने न उचलता ती तोंडाला लावली.

मर्डोने तिकीट परत केलं. बोटीच्या कचेरीत माणसाने कारण विचारलं, तर म्हणाला, "मी इथलाच आहे." बाहेर येऊन त्याने जेसीचा हात धरला, जो त्याने बाजारपेठेत कधी धरला नव्हता. तिने धरू दिला. तिचा हात गार होता, आणि वसंत आला, मेंढ्या व्याल्या, तरी गारच राहिला.

भर उन्हाळ्यात शेतांना पाणी सोडलं तेव्हा धरणाचा तळ उघडा पडला. वॉटी चिखल तुडवत, घागरा वर धरून, मर्डोच्या दारात आला.

"मोरीपाशी मिळाला! काय म्हणालो होतो? बर्फाने गिळला आणि वरून शिवून घेतलं. घे तुझा दगड!"

करडा दगड, तांबडी शीर. वॉटीने तो चुलीशेजारी ठेवला, एक घोट घेतला, घागऱ्यावरचा चिखल खुर्चीला पुसला आणि गेला.

मर्डो उभाच राहिला. त्याच्या दगडावरची शीर मुठीपासून सुरू होऊन उजव्या कडेला जाऊन तुटायची. या दगडावरची शीर डाव्या कडेला सुरू होत होती, त्याच्या दगडावर ती जिथे तुटायची तिथूनच पुढे, जोडीच्या दगडावर असावी तशी. खाचेत काळं, मऊ काहीतरी अडकलं होतं. त्याने नखाने काढून हुंगलं. पीट.

तो दगड उचलून पुन्हा धरणात टाकावा असं त्याच्या मनात आलं. पण जेसी म्हणाली, "राहू दे इथेच. बरा दिसतो." ती त्याच्याकडे बघत नव्हती, दगडाकडे बघत होती.

शरदात पहिलं दव गोठलं. एका सकाळी दोघं लापशी खात होती. मर्डो थंडीला नावं ठेवायला तोंड उघडणार, इतक्यात जेसी म्हणाली, "घरची थंडी अशी नसते. घरची ओली असते, नाही का रे?"

"कुठल्या घरची?"

"मागच्या अंगणात विहिरीवर ते निळं झाकण आहे ना, त्याच्यावर दव किती जमायचं."

निळ्या झाकणाबद्दल मर्डोने तिला कधी सांगितलं नव्हतं. तो स्वतः ते विसरला होता.

"जेसी," तो हळू म्हणाला, "तुझं घर हे. तुझी आई टेकडीवर आहे."

"हो, आहे की," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली आणि वाडगे उचलून आत गेली. "पण आपण घरी कधी जायचं?"

मर्डो मेंढ्या बघायला गेला. दोन कुंपणं चालून तो अर्ध्या वाटेवरून परत फिरला, का ते त्याचं त्यालाच कळलं नाही. रेडिओ चालू होता. धरणाच्या कडेने बर्फ धरू लागलाय, यंदा लवकर, असं कुणीतरी सांगत होतं.

धरणाकडचं दार सताड उघडं होतं. जेसी स्वयंपाकघर झाडत होती, चुलीपासून दाराकडे, पाठीत वाकून, छोट्या छोट्या फटक्यांनी, एकच पट्टा पुन्हा पुन्हा. फरशी आरशासारखी झाली होती. त्याने हाक मारली. तिने मागे पाहिलं नाही.

चुलीजवळच्या फरशीवर दगडाचा ओला गोल डाग होता. दगड त्याच्यापासून वीतभर दाराकडे सरकलेला होता.